कोणत्या उंदराला विचारलं?



मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीनं केंद्रावर फोन केला. नातवासाठी तिनं दुधाची बाटली आणली होती. बाटलीवर 'बीपीए-फ्री' असं लिहिलं होतं. ते काय असतं म्हणून तिनं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, असल्या वस्तू आधी उंदरांवर तपासलेल्या असतात. काळजी करू नका." पण तिची काळजी काही गेली नाही. तिनं आम्हाला विचारलं, "उंदराला काही झालं नाही म्हणून माझ्या नातवाला काही होणार नाही, हे कशावरून?"

प्रश्न पाच मिनिटांत उरकेल असं वाटून आम्ही चौघीजणी वाचायला बसलो. वाचता वाचता शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो. त्या वाटेवर जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी संप्रेरक म्हणजे काय ते बघू. आपण त्याला हार्मोन म्हणतो. पाळी येणं, दिवस राहणं, अंगावर दूध येणं, मुलाचा आवाज फुटणं, ही सगळी कामं शरीरात निरोप फिरतात म्हणून होतात. संप्रेरक हा तो निरोप्या. तो अगदी कणभर असतो, पण वेळेवर आला तर सगळं घर हलवतो. काही रसायनं अशी आहेत की ती या निरोप्यासारखीच दिसतात. शरीर फसतं आणि खोटा निरोप खरा मानून कामाला लागतं. काही रसायनं खऱ्या निरोप्याची वाट अडवतात. अशा रसायनांना संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायनं म्हणतात. ती ओळखायची कशी? माणसाच्या गर्भावर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून प्राण्यांवर करतात. पण कोणत्या प्राण्यावर? आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

१९१७ साली न्यूयॉर्कमध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या योनीतला स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्रावातल्या पेशी दिवसागणिक बदलतात आणि त्यावरून मादीचं चक्र कुठवर आलंय ते कळतं, हे त्यांच्या लक्षात आलं. यातल्या पापानिकोलाऊंचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आपण जी पॅप तपासणी करून घेतो, ती याच पापानिकोलाऊंच्या नावाची. बाईच्या तपासणीची वाट अशी गिनीपिगवरून आलेली आहे.

पुढे १९२३ साली अमेरिकेतच सेंट लुईस शहरात अॅलन आणि डॉइझी यांनी खाटीकखान्यातून डुकरिणींचे बीजकोष आणले. त्यांतला द्रव त्यांनी बीजकोष काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचला. बीजकोष नसूनही त्या माद्या माजावर आल्याची खूण स्रावात दिसली. त्या द्रवातल्या संप्रेरकाला आज आपण इस्ट्रोजेन म्हणतो. तेव्हापासून एखादा पदार्थ इस्ट्रोजेनसारखा वागतो का हे पाहायला उंदीर वापरायची पद्धत पडली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र दोन वेगळे प्राणी असतात. एक लहान, त्याला माऊस म्हणतात. दुसरा मोठा, तो रॅट. दोघांत बराच फरक आहे आणि प्रत्येकाचे पुन्हा निरनिराळे वाण आहेत. हे उंदीर का निवडले? ते स्वस्त पडतात, लहानशा पिंजऱ्यात राहतात, त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि तीन आठवड्यांत पिलं होतात. थोडक्यात, ते सोयीचे होते. बाईच्या शरीराशी ते किती जुळतात, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. उंदराच्या मादीला आपल्यासारखी पाळीसुद्धा येत नाही.

१९३० च्या दशकात लंडनला चार्ल्स डॉड्झ नावाचे शास्त्रज्ञ होते. इस्ट्रोजेनचं काम करील असं स्वस्त रसायन त्यांना कारखान्यात बनवायचं होतं. एकामागून एक रसायनं ते बीजकोष काढलेल्या उंदरांना देऊन बघत. १९३६ साली त्यांनी अशा रसायनांची माहिती छापली. त्यांत बिस्फेनॉल ए होतं. तेच हे बीपीए! म्हणजे बाटलीचं प्लॅस्टिक होण्याच्या कितीतरी आधी त्याची ओळख कृत्रिम इस्ट्रोजेन म्हणून झाली होती. त्याचा जोर मात्र कमी होता, म्हणून औषधाच्या शर्यतीत ते मागे पडलं. १९३८ साली डॉड्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फार जोरदार रसायन सापडलं. त्याचं लांबलचक नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल. आपण डीईएस म्हणू. ते स्वस्त होतं, गोळीच्या रूपात तोंडावाटे घेता येत होतं आणि त्याचं पेटंटही घेतलेलं नव्हतं. त्यामुळे पुष्कळ कंपन्या ते बनवू लागल्या.

अमेरिकेत १९४१ साली डीईएसला परवानगी मिळाली, ती पाळी जाताना होणाऱ्या त्रासासारख्या तक्रारींसाठी. १९४७ साली गरोदर बायकांनाही ते द्यायला मंजुरी मिळाली. गर्भपात टळतो, बाळ गुटगुटीत होतं, असं सांगून ते दिलं गेलं. ज्यांचं मूल आधी पोटातच गेलेलं, त्या बायका तर आशेनं घेणारच. आपणही घेतलं असतं.

आणि उंदरांनी तोवर काय सांगितलं होतं? पॅरिसमध्ये लाकासान यांनी १९३२ सालीच दाखवलं होतं की इस्ट्रोजेन टोचत राहिलं तर नर उंदरांनाही स्तनाचा कर्करोग होतो. १९३८ साली डीईएसनंही तसंच घडतं हे त्यांनी दाखवलं. शिकागोत ग्रीन, बरिल आणि आयव्ही यांनी गाभण रॅट माद्यांना इस्ट्रोजेन दिलं. १९३९ साली त्यांनी छापलं की पोटातल्या पिलांची जननेंद्रियं त्यामुळे बिघडून वाढतात. म्हणजे इशारा मिळाला होता. पण औषध चालतं की नाही हे सांगताना उंदराची साक्ष धरली गेली, आणि औषध पिलाला बाधतं असं तोच उंदीर म्हणाला, तेव्हा ती साक्ष बाजूला राहिली. आम्हाला वाचताना हे सगळ्यात जास्त टोचलं.

१९५३ साली शिकागोच्या विद्यापीठात सुमारे १,६०० गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना डीईएस आणि निम्म्यांना नुसती खोटी गोळी दिली होती. गोळीचा काहीही फायदा दिसला नाही. तरी पुढे अठरा वर्षं ती गरोदर बायकांना दिली जात राहिली.

मग बॉस्टनच्या डॉक्टरांकडे पंधरा ते बावीस वर्षांच्या मुली येऊ लागल्या. त्यांना योनीचा एक दुर्मीळ कर्करोग झाला होता. एरवी तो इतक्या लहान वयात जवळजवळ दिसतच नाही. डॉक्टर चक्रावले. तेव्हा एका मुलीच्या आईनं विचारलं, "ही पोटात असताना मी डीईएसच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यामुळे तर नसेल?" डॉक्टरांनी मग इतर आयांना विचारायला सुरुवात केली. १९७१ च्या एप्रिलमध्ये हर्बस्ट, उलफेल्डर आणि पॉस्कांझर यांनी आठ मुलींची हकीकत छापली. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. तुलनेसाठी निवडलेल्या बत्तीस निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनंही ते घेतलेलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गरोदरपणी डीईएस देऊ नका, असं डॉक्टरांना कळवलं. तोवर आया आणि मुलं मिळून पन्नास लाख ते एक कोटी जणांपर्यंत ते पोचलं असावं, असा तिथला अंदाज आहे.

मैत्रिणींनो, हा धागा एका आईच्या प्रश्नानं सापडला, हे आपण विसरायला नको.

त्यानंतर जॉन मॅकलॅकलन, रेथा न्यूबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण माऊस माद्यांना डीईएस देऊन त्यांची पिलं मोठी होईपर्यंत पाहिली. मादी पिलांत बिघाड दिसले आणि नर पिलांतही दिसले. बायकांच्या मुलींमध्ये जे झालं, त्याच्याशी ते पुष्कळ जुळत होते. उंदीर खोटं बोलत नव्हता, हे आता पटलं. पण त्याला नीट विचारावं लागतं. मोठ्या मादीला विचारून पोटातल्या पिलाचं उत्तर मिळत नाही. आणि जन्मलेलं पिलू धडधाकट दिसलं म्हणून काम संपत नाही. ते वयात येईपर्यंत थांबावं लागतं.

पुढचं वळण १९९१ चं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड इथे थिओ कोलबर्न या संशोधक बाईंनी निरनिराळ्या विषयांच्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवलं. कुणी पक्षी पाहणारे, कुणी मासे, कुणी उंदीर, कुणी माणसांचे डॉक्टर. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. तो जुळवल्यावर दिसलं की कीटकनाशकं, प्लॅस्टिक, कारखान्यांचं सांडपाणी यांतली काही रसायनं डीईएससारखीच संप्रेरकांत ढवळाढवळ करतात. १९९६ साली अमेरिकेनं कायदा करून अशा रसायनांची तपासणी करायचं ठरवलं. मग भांडण उभं राहिलं ते हेच, की तपासायचं कोणत्या प्राण्यावर?

बीपीएचंच घ्या. १९९७ साली फ्रेडरिक व्हॉम साल यांच्या गटानं दाखवलं की अगदी थोडं बीपीए गाभण माऊस मादीला दिलं, तरी तिच्या नर पिलांची प्रोस्टेट ग्रंथी मोठी होते. दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, तर त्यांना काहीच दिसलं नाही. एक म्हणे धोका आहे, दुसरा म्हणे नाही. आपण सामान्य बायांनी विश्वास कुणावर ठेवायचा?

या भांडणात १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या जिमी स्पिअरो यांच्या गटानं एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. त्यांनी माऊसचे निरनिराळे वाण घेतले आणि वयात येणाऱ्या नरांना खरं इस्ट्रोजेन दिलं. एका वाणाच्या नरांच्या वृषणांची वाढ अगदी थोड्या मात्रेत खुंटली. सीडी-१ नावाच्या दुसऱ्या वाणाला मात्र त्याच परिणामासाठी सोळा पटींहून जास्त मात्रा लागली. आणि हा सीडी-१ वाण तर प्रयोगशाळांतून सर्रास वापरला जात होता! असं का झालं असावं? हा वाण पिढ्यानुपिढ्या एका वेळी जास्त पिलं देणाऱ्या माद्या निवडून तयार केलेला. ज्या घरात ज्वारीचं बी राखलं जातं, तिथल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. भरघोस कणसाच्या मागे लागून बी निवडलं, तर कडबा, चव, कीड सोसणं, यांतलं काहीतरी नकळत बदलतं. तसंच हे. भरपूर पिलांसाठी निवडता निवडता असा उंदीर तयार झाला की ज्याला इस्ट्रोजेनचा निरोप नीट ऐकूच येत नव्हता.

आता बहिऱ्या माणसाला दारात उभं करून विचारलं, "चोर आला तेव्हा आवाज झाला का?" आणि तो नाही म्हणाला, तर चोर आला नव्हता असं म्हणायचं का?

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानं तज्ज्ञांना बसवून थोड्या मात्रेचा हा सगळा वाद तपासला. त्यांच्या अहवालातली एक शिफारस आम्हाला फार मोलाची वाटली. प्राणी निवडताना तो सोयीचा आहे किंवा सवयीचा आहे हे पाहू नका, ज्या प्रकारचं रसायन तपासायचं त्याला तो दाद देतो का हे पाहा, असा तिचा अर्थ. यासाठी एक साधी युक्ती आहे. ज्याचा परिणाम आधीपासून पक्का माहीत आहे, असं संप्रेरक काही प्राण्यांना मुद्दाम द्यायचं. ते प्राणी बदलले, तर प्रयोग भरवशाचा. तेही ढिम्म राहिले, तर प्राणी तरी चुकला किंवा पद्धत तरी. बाजारात काट्याविषयी शंका आली की आपण काय करतो? किलोचं खरं माप टाकून बघतो. काटा हललाच नाही, तर त्या काट्यावर तोललेल्या भाजीचे पैसे आपण देत नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. जुने वाण वापरणारे म्हणत की या उंदरांची कित्येक वर्षांची नोंद आमच्याकडे आहे. कोणता आजार त्यांना आपोआप होतो, कोणता रसायनामुळे, हे आम्ही ओळखतो. नवा वाण घेतला तर ही सगळी शिदोरी जाते. शिवाय एखादा वाण फार हळवा आहे म्हणून तो बाईच्या जवळचा ठरतो असंही नाही. हे म्हणणं खोटं नाही. बायकाही सगळ्या सारख्या नसतात. म्हणूनच एका वाणावर, एका प्राण्यावर निकाल लावू नये, एवढंच आम्हाला यातून कळलं.

बरं, प्राणी बरोबर निवडला तरी त्याचं घर आणि जेवण बघावं लागतं. १९९८ साली क्लीव्हलंडमध्ये पॅट्रिशिया हंट या संशोधक बाई माऊसच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. एके दिवशी ज्या माद्यांना काहीच दिलेलं नव्हतं, त्यांच्याही बीजांडांत अचानक भरपूर बिघाड दिसू लागले. शोध घेता घेता कळलं की पिंजरे धुताना कुणीतरी चुकीचा साबण वापरला होता, फरशी धुवायचा, जहाल. त्यानं प्लॅस्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या खराब झाल्या आणि त्यांतून बीपीए पाझरलं. पक्की खात्री करून घेऊन हंटबाईंनी २००३ साली ते छापलं. भांडी घासणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट चटकन पटते. उंदरांच्या खाण्यातही सोयाबीन असतं आणि सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे नैसर्गिक पदार्थ असतात. तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरालाच नकळत असं काही मिळत असेल, तर तुलना करायची कशाशी?

उंदरांशिवाय दुसरे प्राणीही या कामात आले. इंग्लंडमध्ये सांडपाणी सोडलेल्या नद्यांत नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन सापडलं. ते खरं तर माद्यांचं काम, इस्ट्रोजेनच्या निरोपावर यकृतात होणारं. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून नर मासा नदीचा साक्षीदार बनला. आज या तपासणीत वापरला जाणारा झेब्राफिश मूळचा आपल्याकडचा, गंगेच्या खोऱ्यातला. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं होतं. थायरॉइडमध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं ओळखायला बेडूकमासे वापरतात, कारण थायरॉइडच्या निरोपाशिवाय त्यांचा बेडूक होत नाही. पाळी आणि गर्भारपण या बाबतीत माकडीण आपल्या फार जवळची. पण माकडं महाग, त्यांना एका वेळी एकच पिलू, आणि निकालाला वर्षं लागतात. आपल्याकडून कितीतरी ऱ्हीसस माकडं परदेशी प्रयोगशाळांत जात. १९७८ साली ती निर्यात बंद झाली.

आणि आपल्या मुंबईत? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत गाभण रॅट माद्यांना अगदी थोडं बीपीए दिलं गेलं, गाभण काळाच्या मध्यापासून पिलांचं दूध तुटेपर्यंत. त्यांच्या नर पिलांची प्रजननक्षमता मोठेपणी कमी झालेली दिसली. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. काट्यावर टाकायचं खरं माप म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? डीईएस. तेच, ज्यानं त्या आयांना फसवलं होतं.

या सगळ्यात प्राण्यांचेही जीव जातात. चुकीचा प्राणी निवडला तर ते जीवही वाया जातात आणि आपल्याला खोटी खात्री मिळते.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येतो. ताई, 'उंदरांवर तपासलं' एवढ्यावर गप्प बसू नका, हेच आमचं उत्तर. असं कुणी सांगितलं, लेखात वाचलं, टीव्हीवर ऐकलं, तर तीन गोष्टी विचारा. कोणता प्राणी आणि कोणता वाण घेतला? कोणत्या वयात तपासलं, पोटात असताना की मोठेपणी? आणि ओळखीचं संप्रेरक दिल्यावर तो प्राणी हलला का? ही तीन उत्तरं नसतील, तर 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही.

बाटलीचं म्हणाल तर 'बीपीए-फ्री' म्हणजे फक्त बीपीए नाही. त्याच्या जागी कधी कधी त्याचाच भाऊबंद, बीपीएस, वापरलेला असतो, आणि तोही इस्ट्रोजेनसारखा वागू शकतो. म्हणून प्लॅस्टिकमध्ये उकळतं दूध ओतू नका, ओरखडे पडलेली बाटली वापरू नका. जमत असेल तर स्टीलची वाटी आणि चमचा बराच. घाबरायचं काही कारण नाही. विचारायला मात्र लाजायचं नाही. बॉस्टनच्या त्या आईनं विचारलं नसतं, तर आणखी किती वर्षं गेली असती कुणास ठाऊक.

तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा. आम्ही शोधून सांगू. नमस्कार.